वीस रेणू, की एकच रेणू वीस वेळा? लहान लायब्ररी बांधायला निघालेल्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, काम ठरलेलं असतं : वीस-पंचवीस नव्या रेणूंचा संच, म्हणजे लायब्ररी, करा, कॅरॅक्टराइज करा (रचना पक्की करा) आणि बायोअ‍ॅक्टिव्हिटीला पाठवा. सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांत हे दरवर्षी चालतं. तयार होणारा तक्ताही ओळखीचा असतो. सांगाडा एकच आणि बेंझीन रिंगवर ओळीनं क्लोरो, ब्रोमो, मेथॉक्सी, नायट्रो. थिसिस होतो, व्हायवाही पार पडतो. पण ज्या प्रोटीनच्या खाचेत हे रेणू बसायचे, त्याच्या बाजूनं पाहिलं तर आपण एकच किल्ली वेगवेगळ्या रंगांत रंगवून दिलेली असते.

हॉटप्लेट, रोटा (सॉल्व्हंट उडवायचं रोटरी इव्हॅपोरेटर), यूव्ही लॅम्प आणि बेताचा निधी एवढ्यावर खरोखर वेगवेगळे रेणू कसे करायचे, ते इथं लिहितो. मायक्रोवेव्ह सिंथेसायझर किंवा ग्लव्हबॉक्स लागणार नाही. मेकॅनिझम पाठ्यपुस्तकात आहेत, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी विविधता मोजायला शिका

विविधता साधारण चार प्रकारची मानतात. पहिली, सांगाड्याला लटकलेल्या गटांची. दुसरी, फंक्शनल ग्रुपची. तिसरी स्टिरिओची, म्हणजे तेच अणू, तीच जोडणी, पण अवकाशात मांडणी वेगळी. चौथी खुद्द सांगाड्याची. पहिली सगळ्यांत स्वस्त आणि चौथी सगळ्यांत मोलाची, कारण रेणूचा एकूण आकार सांगाडाच ठरवतो आणि प्रोटीनला आधी आकार कळतो. फक्त लटकते गट बदलत राहणं म्हणजे त्याच भडंगात कधी शेंगदाणे जास्त, कधी लसूण जास्त. चव थोडी हलते, पदार्थ तोच राहतो. गट बदलण्याचंही काम असतं, पण ते हिट, म्हणजे चाचणीत काम करणारा रेणू, सापडल्यानंतरचं.

हा धडा औषध कंपन्या बऱ्यापैकी पैसे घालवून शिकल्या. मेरिफिल्डनं १९६३ मध्ये रेझिनच्या मण्यांवर पेप्टाइड बांधून दाखवलं. बुनिन आणि एलमन यांनी १९९२ मध्ये त्याच धर्तीवर बेंझोडायझेपिनं केली आणि मग कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्रीची लाटच आली. लाखांनी रेणू तयार झाले, हिट मात्र त्या मानानं मिळाले नाहीत. बरेच रेणू एकमेकांसारखे, सपाट आणि पुष्कळदा अशुद्ध होते. या वाटेनं आलेलं औषध म्हणून कॅन्सरवरच्या सोराफेनिबचं नाव घेतात. २०१२ मध्ये ज्याच्यासाठी भारतानं सक्तीचा परवाना दिला, तेच हे औषध. स्टुअर्ट श्रायबर यांनी २००० साली 'सायन्स'मध्ये लेख लिहून दिशा बदलायला सांगितली : ठरावीक एका रेणूकडे जाण्याऐवजी, एका साध्या सुरुवातीपासून मुद्दाम अनेक आकारांकडे जा. डायव्हर्सिटी-ओरिएंटेड सिंथेसिस म्हणतात ते हेच. त्याचं कॉलेजला परवडणारं रूप आपल्याला हवं आहे.

पहिली पायरी : कागद, पेन्सिल आणि फुकटचं सॉफ्टवेअर

पहिली रिअ‍ॅक्शन लावण्याआधी सगळे रेणू काढून घ्या, अगदी शेवटच्यापर्यंत. डेटावॉरियर हे फुकट सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. थोडं पायथॉन येत असेल तर आरडीकिट वापरा. रेणू स्माइल्स स्वरूपात (रचना अक्षरांच्या ओळीत लिहायची पद्धत) भरले की दोन्ही मॉलिक्युलर वेट, लॉग-पी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती रमतो त्याचा आकडा), हायड्रोजन बाँडचे दाते-घेते आणि एसपी-थ्री, म्हणजे सपाट नसलेल्या, चार एकेरी बंधांच्या कार्बनचं प्रमाण काढून देतात.

लिपिन्स्कीचा १९९७ चा नियम बहुतेकांना पाठ असतो : वजन ५०० पर्यंत, लॉग-पी ५ पर्यंत, दाते ५, घेते १०. तो तोंडातून घ्यायच्या औषधांसाठीचा अंदाज आहे. एखादा रेणू थोडा बाहेर गेला म्हणून त्याला टाकू नका, पण निम्मी यादी लॉग-पी सहाच्या वर असेल तर यादी बदला. ते रेणू पाण्यात विरघळणारच नाहीत आणि चाचणीवाले तक्रार करतील. दुसरा आकडा एसपी-थ्री कार्बनच्या अंशाचा. लोव्हरिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की शोधाच्या पहिल्या टप्प्यापासून मंजूर औषधापर्यंत जाताना हा अंश वाढत जातो. आपल्याकडच्या लायब्रऱ्या इथंच मार खातात, कारण आपल्याला रिंगला रिंग जोडायची सवय असते.

तिसरं काम साम्य तपासण्याचं. डेटावॉरियर प्रत्येक जोडीचं साम्य शून्य ते एक अशा आकड्यात देतो. चोवीसपैकी वीस रेणू एकमेकांशी ०.८ च्या वर सारखे निघाले, तर तुमच्याकडे चोवीस रेणू नाहीत. गाईडसमोर बसायच्या आधी एवढं करून ठेवलं की चर्चा वेगळ्या पातळीवर सुरू होते.

आणि जे रेणू करायचेच नाहीत त्यांचीही यादी करा. बेएल आणि होलोवे यांनी २०१० मध्ये अशा सांगाड्यांची जंत्री दिली, जे जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतात आणि कशावरच नीट काम करत नाहीत. बेन्झायलिडीन रोडॅनिन त्यात अगदी ठळक. करायला सोपं, रंग सुंदर, यील्ड भरपूर, म्हणून आपल्याकडे भयंकर लाडकं. सोडून द्या.

दुसरी पायरी : व्यूहरचना ठरवणं

ढोबळ मानानं तीन वाटा आहेत.

पहिलीत मधला रेणू एक आणि अभिकर्मक अनेक. एका मधल्या रेणूपासून फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला वेगळा सांगाडा येतो. दुसरीत परिस्थिती एकच ठेवायची आणि सुरुवातीचा रेणू असा निवडायचा की त्यात आधीच ठेवलेल्या गटानुसार तो वेगवेगळ्या तऱ्हेनं स्वतःवर दुमडेल. तिसरी बहुघटक रिअ‍ॅक्शनची : तीन-चार गोष्टी एका भांड्यात आणि एका दमात नवा सांगाडा. चौथी एक वाट पुस्तकांत 'बांधा, जोडा, जुळवा' अशा अर्थाच्या नावानं येते. नील्सन आणि श्रायबर यांनी २००८ मध्ये ती मांडली. आधी स्टिरिओकेंद्रं (चार वेगळे गट लागलेले कार्बन) असलेले तुकडे बांधा, मग ते जोडा, मग त्यांच्यातले गट जोडीजोडीनं बंद करून रिंगा करा. सुरेख आहे, पण पायऱ्या वाढतात, कॉलम (सिलिकावरून शुद्धीकरण) वाढतात आणि एम.एस्सी.च्या वेळेत बसत नाही. पीएच.डी.ला जरूर करा. स्टिरिओकेंद्रासाठी महागडा कॅटॅलिस्ट न घेता अमिनो अ‍ॅसिडपासून किंवा टार्टरिक अ‍ॅसिडपासून निघा. द्राक्षात असतं तेच हे अ‍ॅसिड. दोन स्टिरिओकेंद्रं निसर्गानंच लावून दिलेली असतात. तासगावकरांना वेगळं सांगायला नको.

नवख्या माणसानं पहिल्या वाटेनं जावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मधला रेणू म्हणून चाल्कोन घ्यावा.

तिसरी पायरी : चाल्कोन, नीट

चाल्कोन म्हणजे दोन अ‍ॅरोमॅटिक रिंगांमध्ये अल्फा-बीटा असंतृप्त कीटोन. माल स्वस्त, क्लेझन-श्मिट कंडेन्सेशन सगळ्यांना माहीत. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

साधं प्रमाण असं : अ‍ॅसिटोफिनोन १० मिलिमोल (१.२० ग्रॅम), बेंझाल्डिहाइड १० मिलिमोल (१.०६ ग्रॅम), इथेनॉल १५ मिली, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण १० मिली ढवळत थेंबाथेंबानं. दोन ते चार तास ढवळा, बर्फात ओता, पातळ एचसीएलनं न्यूट्रल करा, गाळा, थंड पाण्यानं धुवा, इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइज करा. पुस्तकात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं. ती रूम सांगलीची नसते, निदान एप्रिल-मेमधली तरी. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीला टेकतो. फ्लास्क पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, अधूनमधून बर्फाचे खडे टाका आणि तापमान २५ च्या आसपास राखा. वर गेलं की कॅनिझारो आणि पुढची मायकेल अ‍ॅडिशन डोकं वर काढते, मग टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर) नको ते स्पॉट दिसू लागतात.

साध्या चाल्कोनचा वितळबिंदू ५५ ते ५७ अंश आहे, त्यामुळे तो पुष्कळदा तेल होऊन तळाशी बसतो. घाबरून कॉलम लावू नका. बर्फात ठेवा, काचेच्या कांडीनं फ्लास्कची भिंत आतून घासा, जुना स्फटिक असेल तर कणभर टाका. घट्ट व्हायला लागला की डोळ्यांदेखत पूर्ण थर पिवळा, दाणेदार होत जातो. हातमोजे मात्र घाला, चाल्कोननं कातडीला खाज सुटते.

अल्डिहाइडची बाटली उघडल्यावर आधी तोंडाशी पाहा. बेंझाल्डिहाइडच्या झाकणाखाली पांढरे स्फटिक जमलेले असतात, ते बेंझोइक अ‍ॅसिड. बायकार्बोनेटनं धुऊन, शक्य असेल तर डिस्टिल करून मगच वापरा. फर्फ्युरल काळं पडलेलं असेल तर तेही डिस्टिल करा. आणि पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड बेसमध्ये चालत नाही म्हणून दोन आठवडे झुरू नका. बेसमध्ये त्याचा फिनॉक्साइड होतो आणि कार्बोनिल सुस्तावतो. अ‍ॅसिडची परिस्थिती वापरा किंवा हायड्रॉक्सी आधी झाका.

किती चाल्कोन करायचे? चार. पण निवडून : एक इलेक्ट्रॉन देणारा (मेथॉक्सी), एक ओढणारा (फ्लुओरो किंवा ट्रायफ्लुओरोमिथाइल), एक ऑर्थोला गर्दी असलेला (२-क्लोरो) आणि एक हेटेरोअ‍ॅरोमॅटिक (थायोफिन). नायट्रो मी टाळतो. तो शरीरात रिड्यूस होतो आणि औषधाच्या दृष्टीनं कटकटीचा असतो. हे चार टोकांचे चाल्कोन ज्या फांदीत चालले, त्या फांदीत मधले सहसा चालतातच. प्रत्येकी पाच ग्रॅम करून ठेवा, म्हणजे पुढं सारखं मागं फिरावं लागत नाही.

चौथी पायरी : फांद्या फोडणं

आता एकाच चाल्कोनचं काय काय होतं ते बघा.

फिनाइलहायड्रॅझिन घातलं तर पाच सदस्यांची पायराझोलीन मिळते. या फांदीत पहिल्यांदा हात घालावा, कारण ती स्वतःच बोलते. टीएलसी प्लेट ३६५ नॅनोमीटरच्या लॅम्पखाली धरली की चाल्कोन जवळपास गप्प असतो आणि ट्रायफिनाइल पायराझोलीनचा स्पॉट निळा लख्ख चमकतो. एनएमआरमध्येही (रचना दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) तिची सही पक्की असते. चाल्कोनचे १५-१६ हर्ट्झवाले दोन डब्लेट नाहीसे होतात आणि साधारण ३.१, ३.८ आणि ५.२ पीपीएमला तीन डबल-डब्लेट उभे राहतात. हे तीन दिसले नाहीत तर उरलेला स्पेक्ट्रम वाचायची गरज नाही. हायड्रॅझिन हायड्रेट अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये रिफ्लक्स केलं (वाफ थंड करून परत पाडत उकळलं) तर एन-असिटाइल पायराझोलीन मिळते. तीही चालते, पण सांगाडा तोच, म्हणून ती वेगळी फांदी धरू नका. ही सगळी हायड्रॅझिनं विषारी आहेत आणि कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे. फ्यूम हूडशिवाय बाटली उघडू नये.

हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड आणि बेस घेतला तर आयसोक्झाझोलीन. ग्वानिडीन घेतलं तर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं सपाट अमिनोपिरिमिडीन. मॅलोनोनायट्राइल आणि अमोनियम अ‍ॅसिटेट घेतलं तर अमिनो-सायनोपिरिडीन. ही शेवटची दोन सपाट आहेत. घ्या, पण त्यांच्यावरच थांबू नका.

ऑर्थो-अमिनोथायोफिनॉल घेतलं तर सात सदस्यांची बेंझोथायाझेपीन. डिल्टायझेम हे रक्तदाबाचं औषध याच कुळातलं. वास असा की शेजारच्या डिपार्टमेंटचे लोक विचारायला येतील. वापरलेली काच लगेच ब्लीचच्या पाण्यात बुडवा. आधी त्यात अ‍ॅसिड नाही ना, हे बघा, नाहीतर क्लोरीन सुटेल.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं इपॉक्साइड होतं आणि त्यातून पुढं आणखी वाटा फुटतात. स्टार्च-आयोडाइड कागदावर निळा रंग येणं थांबेपर्यंत द्रावण रोटावर चढवायचं नाही. नायट्रोमिथेनची मायकेल अ‍ॅडिशन करून नायट्रो गट रिड्यूस केला तर अमीन स्वतःच कीटोनवर बंद होतो आणि पायरोलीन मिळते. पायऱ्या दोन, पण एसपी-थ्री कार्बन चांगले येतात.

दुसरी वाट, म्हणजे दुमडणारी, इथंच थोडी चाखून बघता येते. अ‍ॅसिटोफिनोनऐवजी २-हायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन घेतलं की हायड्रॉक्सीचाल्कोन तयार होतो. तो आयोडीन आणि डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या सॉल्व्हंटमध्ये) तापवला तर फ्लेव्होन. एक ओएच आधी ठेवला एवढ्यानं सहा सदस्यांची नवी रिंग.

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारी फांदी स्पायरोची. चाल्कोन, इसॅटिन आणि सार्कोसिन सारख्या मिलिमोलमध्ये (सार्कोसिन किंचित जास्त) इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करा. कॅटॅलिस्ट लागत नाही. इसॅटिन आणि सार्कोसिन एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड टाकतात, अ‍ॅझोमिथीन यिलाइड बनतं आणि ते चाल्कोनच्या दुहेरी बंधावर चढतं. इसॅटिनचा नारिंगी रंग हळूहळू फिका होत जातो, त्यावरूनच रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते कळतं. शेवटी हातात येतं स्पायरो-ऑक्सिंडोल : दोन रिंगा एकाच कार्बनवर एकमेकींना काटकोनात. तीन स्टिरिओकेंद्रं एका भांड्यात, तीही बहुतेक वेळा एकाच डायास्टिरिओमरच्या रूपात. कागदावर सपाट दिसणाऱ्या चाल्कोनमधून एवढा त्रिमितीय रेणू निघतो, तोही फक्त इथेनॉलमध्ये उकळून.

इथं एक सावधगिरी. सार्कोसिनऐवजी एल-प्रोलीन वापरलं की काही जण लगेच 'कायरल लायब्ररी' लिहून मोकळे होतात. कार्बन डायऑक्साइड जाताना प्रोलीनचं ते केंद्र सपाट होतं, त्यामुळे मिळतं ते रेसेमिकच, म्हणजे रेणू आणि त्याचं आरशातलं रूप यांचं समान मिश्रण. तसंच लिहा. कुठला कार्बन कुठं जोडला गेला हेही टू-डी एनएमआरशिवाय ठामपणे लिहू नका.

चार चाल्कोन, यांतल्या निवडक सहा फांद्या, चोवीस रेणू. आणि सांगाडे खरोखर सहा.

बहुघटक वाट, थोडक्यात

ज्यांना चाल्कोन नको त्यांच्यासाठी बिगिनेली आहे. अल्डिहाइड, इथाइल असिटोअ‍ॅसिटेट आणि युरिया इथेनॉलमध्ये, चार थेंब कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल, रिफ्लक्स. थंड झाल्यावर माल आपोआप बाहेर पडतो. बेंझाल्डिहाइडवाल्याचा वितळबिंदू २०२ ते २०४ अंश. १८९० च्या दशकातली ही रिअ‍ॅक्शन जवळजवळ शंभर वर्षं अडगळीत होती. १९९९ मध्ये मोनास्ट्रॉल सापडलं आणि तिचे दिवस पालटले. ते बिगिनेलीचंच अपत्य : ३-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड आणि थायोयुरिया. ते इजी-५ नावाचं मोटर प्रोटीन अडवून पेशीविभाजन थांबवतं. हान्झ्श रिअ‍ॅक्शनमधून डायहायड्रोपिरिडीन येतात, निफेडिपीन त्यांतलंच. ती उजेडात खराब होतात, बाटलीला फॉइल गुंडाळा.

उगी रिअ‍ॅक्शन (१९५९) सगळ्यांची राणी. अल्डिहाइड, अमीन, कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड आणि आयसोसायनाइड. प्रत्येकी दहा घेतले तर दहा हजार शक्यता. हा आकडा ऐकून हुरळायला होतं, पण आयसोसायनाइड महाग, त्याचा वास पार डोक्यात जातो, आणि उगीतून मिळणारा सांगाडा मुळात दोन अमाइडांची लवचिक साखळीच. तिला पुढं बंद करून रिंग केली तरच खरी विविधता. पहिल्या वर्षी नको.

हळदीचा मोह

सांगलीत राहून कर्क्युमिनकडे (हळदीतल्या पिवळ्या रेणूकडे) वळला नाही असा केमिस्ट विरळा. हळदीची बाजारपेठ इथली, हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) इथली, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला. तेव्हा 'कर्क्युमिनची लायब्ररी' हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतोच. विषय घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

बाजारातलं कर्क्युमिन एकटं नसतं. त्यात डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी कर्क्युमिन मिसळलेलं असतं, सगळं मिळून साधारण वीस-तीस टक्के. तसंच पुढं वापरलं तर प्रत्येक उत्पादन तीन रेणूंचं मिश्रण होतं. आधी कॉलम लावा, टीएलसीवर एकच पिवळा स्पॉट दिसू दे. दुसरं, कर्क्युमिन शरीराच्या पीएचला बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतांश तुटून जातं. तिसरं, ते कुप्रसिद्ध खोटं बोलणारं आहे. प्रोटीनशी बंध करतं, धातू पकडतं, स्वतः चमकतं, गुठळ्या करतं. २०१७ मध्ये औषध-रसायनातल्या एका मोठ्या आढाव्यानं हे सगळं सविस्तर मांडलं. म्हणून कर्क्युमिनच्या दोन्ही टोकांचे गट बदलत बसण्यापेक्षा मधला बीटा-डायकीटोनच मोडा. हायड्रॅझिननं पायराझोल करा, हायड्रॉक्सिलअमीननं आयसोक्झाझोल. अस्थिर भाग गेला की उरलेल्या रेणूबद्दल निदान प्रामाणिक प्रश्न विचारता येतात.

एकदम सहा रिअ‍ॅक्शन लावताना

लायब्ररीचं काम समांतर करायचं असतं. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक असेल तर उत्तम, नसेल तर वाळूच्या ट्रेमध्ये सहा जाड टेस्ट ट्यूब उभ्या करा. सगळीकडे एकच मिलिमोल, एकच सॉल्व्हंट, एकच वेळ. दर तासाला सहाही एकाच टीएलसी प्लेटवर लावा, म्हणजे मागं राहिलेली लगेच ओळखू येते.

शक्यतो ज्या फांदीत माल स्वतःहून गाळात येतो तीच निवडा. चोवीस कॉलम लावायला सिलिका आणि हेक्झेन किती लागेल याचा हिशेब आधीच करा, म्हणजे हे का सांगतोय ते पटेल. जास्तीचं अल्डिहाइड सोडियम बायसल्फाइटच्या धुण्यात जातं, जास्तीचं अमीन पातळ अ‍ॅसिडमध्ये. अमीन उत्पादनच असेल तर ते अ‍ॅसिड रेझिनवर पकडून, घाण धुऊन, मिथेनॉलमधल्या अमोनियानं सोडवून घ्या. कॉलमपेक्षा कितीतरी हलकं काम.

कंडेन्सरला नळ सोडून ठेवायची पद्धत आपल्या भागात परवडत नाही. बादलीत पाणी आणि फिशटँकचा छोटा पंप पुरतो, दुपारी बादलीत बर्फ. पण लाइट गेली की पंप थांबतो आणि तापलेली वाळू मात्र गरमच राहते, म्हणून महावितरणचा देखभालीचा दिवस बघून रिफ्लक्स लावा आणि रात्रभराचं काम एकट्यानं ठेवू नका. इथर आणि डीसीएम (डायक्लोरोमिथेन) उन्हाळ्यात दुपारी उघडायचं नाही. बाटली हातात घेतली तरी फुसकारते.

बाटलीवर मार्करनं लिहिलेलं नाव अ‍ॅसिटोनच्या एका थेंबानं जातं. लेबलवर पेन्सिलनं लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा. कोड असा असावा की त्यातून वहीचं पान सापडेल : वही क्रमांक, पान, रिअ‍ॅक्शन. 'मेथॉक्सी फायनल', 'मेथॉक्सी फायनल नवीन' अशी नावं चार महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. हॅलोजनवाला आणि बिनहॅलोजनचा सॉल्व्हंट वेगळ्या कॅनमध्ये. सिंकमधून जे जाईल ते शेवटी कृष्णेलाच मिळतं. आणि तळमजल्यावर स्टोअर असेल तर जुलै उजाडायच्या आत नमुने आणि वह्या वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

शुद्धता : इथं सूट नाही

चाल्कोन स्वतः मायकेल अ‍ॅक्सेप्टर आहे, म्हणजे प्रोटीनमधल्या सिस्टीनला सरळ जाऊन चिकटतो. तुमच्या पायराझोलीनमध्ये तीन टक्के चाल्कोन उरला असेल आणि चाचणीत अ‍ॅक्टिव्हिटी दिसली, तर ती कुणाची? म्हणून मधला रेणू जितका क्रियाशील, तितकी शेवटची शुद्धता कडक. एचपीएलसीवर (शुद्धता मोजायच्या क्रोमॅटोग्राफीवर) ९५ टक्क्यांखालचा नमुना पाठवू नका. एचपीएलसी नसेल तर निदान दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंट-जोड्यांत टीएलसी, एका अंशाच्या आत वितळणारा नमुना आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये चाल्कोनचे डब्लेट पूर्ण गायब, एवढं हवं. एनएमआर आणि मासला कोल्हापूरला विद्यापीठात किंवा पुण्याला नमुने जातात. ते गठ्ठ्यानं पाठवण्याआधी प्रत्येक फांदीचा एकेक पाठवा. सांगाडाच चुकला असेल तर उरलेल्या तिघांवरचे पैसे वाचतात.

मधला चाल्कोनसुद्धा चाचणीला पाठवा, तुलनेसाठी.

नमुने ठेवणं आणि पाठवणं

प्रत्येक रेणू ५० ते १०० मिलिग्रॅम करा. पहिल्या चाचणीला त्याच्या दशांशसुद्धा लागत नाही, पण पुन्हा मागितला तर पुन्हा बनवायला नको. द्रावण साधारण १० मिलिमोलरचं डीएमएसओमध्ये करतात. वजन ३०० असेल तर ३ मिलिग्रॅम १ मिलीत. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं, त्यामुळे डिसेंबरात सकाळी लॅबमध्ये आल्यावर बाटली घट्ट दिसली तर ती बिघडलेली नाही. पण पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून घेतं, द्रावण पातळ होतं आणि रेणू खाली बसतो. लहान कुप्यांत वाटून उणे वीसला ठेवा, एक कुपी एकदाच उघडायची. घन नमुना वेगळा, अंधारात.

चाचणीवाल्यांना संरचना, वजन, शुद्धता आणि द्रावणाची तारीख एका शीटवर द्या. शक्य असेल तर एक रेणू दोन वेगळ्या कोडखाली पाठवा. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर उरलेल्या तेवीसांवर किती विश्वास टाकायचा हे कळतं.

हिट आला तर पार्टी पुढं ढकला. घन नमुन्यातून ताजं द्रावण करा आणि त्याच चाचणीत पुन्हा घाला. मग थोडं ट्रायटन एक्स-१०० घालून एकदा, साधारण ०.०१ टक्के. डिटर्जंट घातल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी गेली, तर रेणू प्रोटीनवर काम करत नव्हता, गुठळ्या करून प्रोटीन अडकवून ठेवत होता. अ‍ॅक्टिव्हिटी टिकली, तर त्याच सांगाड्याचे शेजारी करायला घ्या, आणि सुरुवात वहीच्या त्याच पानावरच्या प्रमाणानं करा.